गोल्डच्या कॅसेटमधलं घड्याळ

परवा भाच्याने मला इंदूरच्या राजवाड्यासमोर अर्धा तास ताटकळत ठेवलं. फोनवर पोकेमॉन गो हा प्राणी पकडायचा नि वाढवायचा खेळ चालू होता. त्यातली त्याची ईव्ही नावाची प्राणी सोबत दहा किलोमीटर चालून झाली होती, पण तिचं पुढचं रूप अम्ब्रिऑन करायचं तर रात्र व्हायला हवी. "मावशी, थांब ना. आत्ता दिवस आहे, आत्ता केलं तर एस्पिऑन होईल." खेळातला प्राणी घड्याळ बघून रूप बदलतो यात त्याला काही नवल वाटत नव्हतं. मला अजून वाटतं, कारण हे घड्याळ खेळात नव्हतं तेव्हाचे दिवस मी पाहिलेत.

याचं मूळ किड्यांच्या नादात आहे. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी टोकियोच्या माचिदा उपनगरात वाढले आणि लहानपणी किडे गोळा करत हिंडायचे. बाकीची मुलं झाडाच्या सालीला मध लावून भुंगेरे पकडायची. ताजिरी झाडाखाली दगड ठेवून यायचे, कारण भुंगेरे दिवसा झोपतात आणि झोपायला दगडाखाली शिरतात. मग सकाळी जाऊन दगड उचलायचा. म्हणजे जीव कुठे आहे यापेक्षा तो कधी तिथे असतो हे ठाऊक असणं महत्त्वाचं. काजवे शोधायला भर दुपारी कोण जातं?

तरीही २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले पोकेमॉन खेळ आले तेव्हा नेमकी हीच गोष्ट त्यांत नव्हती. गवतात केव्हाही शिरा, तेच प्राणी. त्या जगात कायमची दुपार. कारण यंत्रात होतं: ज्यावर ते चालायचे तो गेम बॉय, निन्टेन्डोचं हातात धरायचं खेळयंत्र, १९८९चा, त्यात घड्याळ नव्हतंच. बटण बंद केलं की त्याच्यापुरता काळ थांबायचा आणि आठ दिवसांनी चालू केलं की तिथूनच पुढे सरकायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात बांदाई कंपनीचं तामागोची आलं. अंड्याएवढ्या त्या खेळण्यातला जीव खऱ्या रात्री झोपायचा आणि दुर्लक्ष केलं तर मरायचा. पोरं शाळेतही त्याच्याच काळजीत असायची.

'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे पुढचे खेळ जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९९ला आले, अमेरिकेत ऑक्टोबर २०००मध्ये. यंत्रात घड्याळ नाही, तर ते कॅसेटमध्ये घातलं. (कार्ट्रिज हा शब्द आम्ही फार पुढे ऐकला, इंदुरात ती कॅसेटच.) आत एमबीसी३ नावाची चिप, तिच्या जोडीला सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा. मनगटी घड्याळातही हाच आकडा असतो, आणि तो गमतीचा आहे: त्याचं पंधरा वेळा निम्मं-निम्मं करत गेलं की नेमका १ उरतो. झाला एक सेकंद. गेम बॉय कपाटात पडून असला तरी हे मोजणं कॅसेटमधल्या बटन सेलवर अखंड चालू राहतं.

पण या चिपला किती वाजले ते माहीत नसतं. तिला सेकंद, मिनिटं, तास आणि दिवस मोजता येतात, तेही ५११ दिवसांपर्यंत, मग परत शून्य. महिना नाही, वर्ष नाही. म्हणून खेळ सुरू करताना काळ्या पडद्यावर कुणीतरी झोपेतून उठून विचारतं, किती वाजले? पुढे खेळातली आई आज वार कोणता ते विचारते. तुम्ही सांगाल त्यात चिपने मोजलेला वेळ मिळवायचा, एवढाच हिशेब. खोटं सांगितलंत तर खेळाच्या लेखी तेच खरं.

तीच आई आणखी एक प्रश्न टाकते: सध्या डेलाइट सेव्हिंग टाइम (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची अमेरिकेतली पद्धत) चालू आहे का? आमच्या घरी ही कॅसेट अमेरिकेतल्या आतेभावाकडून आली होती, आणि या प्रश्नावर मी आणि दादा अडून बसलो. आईला विचारलं. तिला वाटलं वीज वाचवण्याबद्दल काहीतरी आहे. त्या वर्षांत मध्य प्रदेशात तासन्‌तास वीज जायची, त्यामुळे तिचं तरी काय चुकलं? तिने ठामपणे 'हो' दाबायला सांगितलं.

मग आम्ही ते घड्याळ पाठ करून टाकलं. पहाटे ४ ते १० सकाळ, १० ते संध्याकाळी ६ दिवस, ६ ते पहाटे ४ रात्र. काळ्या ठिपक्यांचा लाल लेडिबा सकाळी (तो सिल्व्हरमध्ये), स्पिनारॅक कोळी रात्री, हूटहूट घुबड रात्री. वारांचाही हिशेब होता: किडे पकडायची स्पर्धा मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि एका गुहेच्या तळाशी लाप्रास फक्त शुक्रवारी. गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसे. तेव्हा वीज गेली की आम्ही इमर्जन्सी लाइटला पाठ टेकून, पडदा तिरका धरून हूटहूट शोधायचो. खेळातही रात्र, घरातही रात्र.

खेळातले तास मात्र पक्के, सूर्य कुठे का असेना. इंदूरचं रेखांश ७६ अंशांच्या आसपास आणि आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंशांवर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे. जूनमध्ये इथे सव्वासातपर्यंत उजेड असतो. सहाच्या ठोक्याला पडद्यावर निळी रात्र पसरायची आणि खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत असायची. डिसेंबरात उलटं. पावणेसहाला दिवेलागण, तरी खेळात दिवस. मला तेव्हा ही चूक वाटायची. आता वाटतं, जागेचा पत्ता नसलेल्या चिपकडून याहून जास्त काय मागणार?

आणि खरं तर वेळेनुसार जागा बदलते हे इंदूरच्या पोरांना पोकेमॉनने शिकवायची गरज नव्हती. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी (हो, गोल्ड आणि सिल्व्हर), रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा किस आणि दहीवडा. गराडू फक्त थंडीत. सकाळी नऊला सराफ्यात जाऊन गराडू शोधणारा आणि दुपारी हूटहूट शोधणारा, दोघांची अक्कल सारखीच.

या घड्याळाची किंमत सेलने वसूल केली. गोल्डमध्ये तुमची प्रगतीही त्याच सेलच्या जिवावर साठवलेली असे, त्यामुळे सेल संपला की घड्याळ गेलं आणि पकडलेलं सगळं गेलं. शिवाय घड्याळ सतत खात असल्याने हा सेल रेड-ग्रीनच्या आधी बसायचा. आमचा गेला तेव्हा एका घड्याळजीने कॅसेट उघडली, पट्ट्या लावलेला सीआर २०२५ बघितला, आणि पट्ट्यांऐवजी सेलवरच थेट डाग दिला. दोन महिन्यांत तोही मेला.

'रुबी' आणि 'सफायर' (२००२) यांनी यातून धडा घेतला. प्रगती फ्लॅश मेमरीत गेली, सेल फक्त घड्याळापुरता उरला. दिवस-रात्रीचे रंग काढून टाकले, पण घड्याळ आतून चालूच होतं: शोल केव्ह नावाच्या गुहेत दर सहा तासांनी भरती-ओहोटी, आणि स्नोरंट जिथे राहतो त्या बर्फाच्या खोलीत ओहोटीलाच जाता यायचं. पहिल्या खेपेच्या कॅसेटींत एक दोषही निघाला. साधारण वर्ष उलटलं की दिवसांची मोजणी अडकायची आणि खेळात लावलेली बेरीची झाडं वाढेनाशी व्हायची.

आमच्यातल्या बहुतेकांनी रुबी खेळली ती सायबर कॅफेत, इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. सुरू करताच पाटी यायची: आतली बॅटरी संपली आहे, घड्याळावरच्या घटना आता घडणार नाहीत. जी कॅसेट मुळात नव्हतीच तिचा सेल संपला म्हणे! उपाय मेन्यूत होता, रिअल टाइम क्लॉकवर टिचकी मारायची. पण तो माहीत असलेला पोरगा कॅफेत एखादाच, आणि तो दुसऱ्याला सांगायला समोसा मागायचा.

'डायमंड' आणि 'पर्ल' २००६मध्ये निन्टेन्डो डीएसवर आले आणि घड्याळ कॅसेटमधून यंत्रात गेलं. आता तारीख-महिनाही मिळाला. दर शुक्रवारी पवनचक्क्यांपाशी ड्रिफ्लून हा फुगा येऊ लागला. यंत्राची वेळ कुणी मुद्दाम पुढे केलीच तर खेळाला कळायचं आणि रोजच्या घटना काही काळ बंद व्हायच्या. चोरीवर पहारा हा. २०१०च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये ऋतू आले, तेही महिन्याला एक: जानेवारी वसंत, फेब्रुवारी उन्हाळा, मार्च शरद, एप्रिल हिवाळा, आणि पुन्हा पहिल्यापासून. डीअरलिंग हरणाचा रंग त्याप्रमाणे बदलायचा. पावसाळा नव्हता, याचा मला आजही थोडा राग आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत माणुसकीची वाटते ती २०१६च्या 'मून'मधली युक्ती. 'सन' यंत्राच्या वेळेने चालतो, 'मून' बारा तास पुढे-मागे. दिवसभर शाळेत किंवा नोकरीवर असणाऱ्याला गोल्डमध्ये रात्रीचेच प्राणी भेटायचे. मून घेतला तर त्याच्या रात्री दहाला खेळात सकाळचे दहा.

पोकेमॉन गो भारतात रीतसर आलं ते डिसेंबर २०१६मध्ये, जिओचा हात धरून. त्याआधी पोरांनी ते आडवाटेने फोनवर घेतलं होतंच. इथे घड्याळ कंपनीच्या सर्व्हरवर गेलं. फोनची वेळ बदलून काही होत नाही, आणि कोणता प्राणी कधी झुंडीने यायचा ते कंपनी ठरवते. एप्रिल २०२२पासून कम्युनिटी डे (अशा झुंडीचा ठरलेला दिवस) स्थानिक वेळेने दुपारी २ ते ५ झाला. मे महिन्यात इंदुरात दुपारी तीनला, चाळिशीपार पाऱ्यात, फोन घेऊन बागेत कोण जाणार? भाचा जातो. टोपी घालून, कांद्याचा तुकडा खिशात ठेवून, आजीच्या हुकमाने.

मुख्य मालिकेने मात्र खरं घड्याळ सोडूनच दिलं. २०२२च्या 'लेजंड्स: आर्सियस'मध्ये तळावर झोपून हवी ती वेळ आणता येते, आणि त्याच वर्षीच्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट'मध्ये तासा-सव्वातासात पूर्ण दिवस उलटतो. कुणाला शुक्रवारची वाट बघावी लागत नाही.

राजवाड्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी भाच्याला जुनी कॅसेट काढून दिली. गेल्या वर्षी तिच्यात पट्टीचा नवा सेल बसवून घेतलाय. दुपारचे चार वाजले होते. काळ्या पडद्यावर प्रश्न आला, किती वाजले? त्याने जराही न थांबता रात्रीचे आठ टाकले.

"अरे, चार वाजलेत."

"आठला माझी ट्यूशन असते मावशी," तो म्हणाला. "मग मला हूटहूट कधी भेटणार?"