मुळाखाली दडलेले वर्ग

कॅल्क्युलेटरवर ७२ चं वर्गमूळ काढलं, की ८.४८५२८ अशी सुरुवात होते आणि पुढचे अंक संपतच नाहीत. त्यांत पुन्हा पुन्हा येणारा गटही सापडत नाही. दशांशात कितीही लांबपर्यंत लिहिलं, तरी उत्तर अंदाजेच राहतं. √७२ मात्र अचूक, आणि ६√२ अचूक तर आहेच, शिवाय जास्त बोलकं!

ते मिळतं कसं? ७२ चे मूळ अवयव पाडा: २ × २ × २ × ३ × ३. आता जोड्या लावा. प्रत्येक जोडीमागे एक अवयव मुळाबाहेर येतो. इथे एक २ आणि एक ३ बाहेर आले, त्यांचा गुणाकार ६. ज्या २ ला जोडीदार मिळाला नाही, तो आतच राहिला. ७२ = ९ × ८ बघून कित्येक जण ३√८ वर थांबतात. ते चूक नाही, अर्धवट आहे, कारण ८ मध्ये अजून ४ हा वर्ग शिल्लक आहे. वाट कुठलीही धरा, शेवटी ६√२ लाच पोहोचाल. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात.

या खटाटोपाचं खरं फळ बेरजेत दिसतं. √५० आणि √७२ यांचं एकमेकींशी काही नातं असेल असं वाटत नाही. सरळ रूप दिलं, की ५√२ + ६√२ = ११√२. मुळाखालच्या संख्याच मिळवून √१२२ लिहिलं, तर ते जेमतेम ११.०५ भरतं, खरी बेरीज १५.५६ च्या आसपास आहे. गुणाकाराचं मूळ अवयवांत वाटता येतं, बेरजेचं नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात करणींच्या, म्हणजे √२ सारख्या नेमकं मूळ न निघणाऱ्या संख्यांच्या, बेरजेची सुरेख रीत दिली आहे. √२ आणि √८ घ्या. २ + ८ = १०. गुणाकार १६, त्याच्या मुळाची दुप्पट ८. दोन्ही मिळून १८, म्हणून बेरीज √१८. आपल्या रीतीनेही √२ + २√२ = ३√२, तेच. √३ आणि √७ घेतले, तर मुळाखालच्या ३ आणि ७ चा गुणाकार २१. तो पूर्ण वर्ग नाही, म्हणून त्या वेगळ्याच ठेवायच्या.

अक्षरं आली, की मात्र जपून. √(अ²) म्हणजे नेहमीच अ नव्हे. अ = −५ असेल, तर वर्ग २५ आणि त्याचं मूळ ५. म्हणून बाहेर येतं ते अ चं केवल मूल्य, |अ|.