माध्यमिक शाळेचे ग्रंथालय (नाशिक)

माध्यमिक शाळेचे ग्रंथालय : पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना पुस्तके, नियतकालिके व संदर्भ पुरवणारा शाळेचा विभाग. शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर बारावीपर्यंतची मुलेही त्यात येतात. मुलांच्या बोलण्यात ती ‘लायब्ररी’ असते, वेळापत्रकात मात्र आठवड्यातून एकदा येणारी ‘वाचन तासिका’. गणिताचे सर मागे पडले की सगळ्यांत आधी तीच मागून घेतली जाते.

नाशिकला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे गावकऱ्यांचे ‘सावाना’, १८४० चे. मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) आणि गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) यांसारख्या संस्थांच्या शाळा शहरात आणि जिल्ह्यात पसरल्या, त्यांच्याबरोबर शाळाशाळांतली पुस्तकांची कपाटेही आली. पण सार्वजनिक वाचनालय आणि शाळेचे ग्रंथालय यांची जातकुळी वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा (१९६७) शाळेच्या ग्रंथालयाला लागू होत नाही. ते शिक्षण खात्याच्या नियमांवर आणि संस्थेच्या मर्जीवर चालते. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने (१९५२–५३) शालेय ग्रंथालयाच्या महत्त्वावर भर दिला होता. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे असे परिशिष्टात नमूद केले. मात्र त्या कायद्याची हद्द आठवीपर्यंतच. अनुदानित शाळेत विद्यार्थिसंख्या हजारावर गेली की पूर्णवेळ, पाचशे ते हजार असल्यास अर्धवेळ ग्रंथपाल, अशी ढोबळ रीत आहे. त्याहून लहान शाळेत एखाद्या शिक्षकाकडे किल्ली सोपवलेली असते. ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पात्रता लागते; नोकरी सांभाळून ही पदवी घेण्याची सोय नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात आहे.

शाळेच्या ग्रंथालयाचा सारा व्यवहार दोन वह्यांवर चालतो. पहिली दाखल नोंदवही. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तीत क्रमांक मिळतो. लेखक, प्रकाशक, किंमत, बिलाचा क्रमांक आणि तारीख त्याच ओळीत लिहिली जाते. तोच दाखल क्रमांक पुस्तकाच्या शीर्षकपानाच्या मागे आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्क्यासह पडतो. दुसरी देवघेव नोंदवही : कोणी काय नेले, कधी आणले. दाखल नोंदवही तपासणीत बघितली जाते, देवघेवीची बहुधा नाही. हिशेबात पुस्तक कमी भरले तर जबाब द्यावा लागतो. वर्षभर कुणीच पुस्तक नेले नाही तर कोणी विचारत नाही. कुलूपबंद काचेच्या कपाटांचे मूळ इथे आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले जाते आणि शेजारच्या कपाटाला कुलूप असते. ग्रंथपालाला यासाठी एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पुस्तक हरवणे हा वापराचा भाग आहे असे मानून दरवर्षी थोडी पुस्तके रीतसर निर्लेखित करणाऱ्या, म्हणजे नोंदीतून वजा करणाऱ्या, शाळांत कपाटे उघडी दिसतात.

देवघेव खऱ्या अर्थाने चालते ती मधल्या सुट्टीत. अर्ध्या तासाच्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटे डब्यात जातात. मग दारात रांग लागते आणि टेबलावर पुस्तके आदळू लागतात. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवलेला असतो, त्यात पुस्तकाचे कार्ड. ग्रंथपाल कार्ड काढून त्यावर वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक लिहितात आणि ते ‘आठवी ब’च्या खणात उभे करतात, पुस्तकातल्या तारीखपत्रिकेवर परतीचा शिक्का मारतात. एका मुलाला पाऊण मिनिट धरले तरी वीस मिनिटांत पंचवीस-तीसच मुले होतात, आणि शाळेत ती हजार असतात. म्हणून जाणते ग्रंथपाल प्रत्येक वर्गाचा वार ठरवून देतात, वर्गातल्या दोघा मुलांना मदतनीस करतात, किंवा चाळीस-पन्नास पुस्तकांची पेटीच वर्गात पाठवतात. वर्गग्रंथालयाची ही पेटी महिन्याने शेजारच्या तुकडीकडे जाते. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या शाळाही आहेत, पण सुट्टीत वीज गेली की पुन्हा कार्डेच कामाला येतात.

पुस्तके लावण्यासाठी प्रत्येक विषयाला क्रमांक देणारे ड्यूईचे दशांश वर्गीकरण सर्रास वापरतात. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ वर येते. पुढे कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. नाशिकच्या ग्रंथालयात याची गंमत अशी की गावचे कवी कुसुमाग्रज एका फळीवर आणि नाटककार वि. वा. शिरवाडकर दुसऱ्या फळीवर बसतात. हे दोघे एकच, हे सहावीतल्या मुलाला पहिल्यांदा कळते ते पुष्कळदा याच फळ्यांपाशी. लहान वर्गांसाठी अंकांपेक्षा रंगाची पट्टी सोपी पडते : गोष्टी लाल, विज्ञान हिरवा, चरित्रे पिवळी, असे काहीतरी.

ग्रंथालयाच्या सेवेची कसोटी लागते संदर्भ विचारला जातो तेव्हा. नववीतली एक मुलगी प्रकल्पाचा कागद घेऊन येते : ‘सर, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं पुस्तक आहे?’ त्या एका विषयावर मुलांसाठीचे पुस्तक कपाटात असेलच असे नाही. मग ग्रंथपाल तिच्यापुढे तीन गोष्टी ठेवतात. विश्वकोशाचा खंड, म्हणजे नावे आणि काळ पक्का होतो : सत्याग्रहाची सुरुवात २ मार्च १९३०, नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. मग आंबेडकरांचे चरित्र, मागच्या सूचीत ‘नाशिक’ शोधून. आणि शेवटी जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. इथे थोडे थांबावे लागते, कारण गॅझेटिअरे दोन आहेत. १८८३ च्या जुन्या मुंबई इलाख्याच्या खंडात देऊळ सापडेल, सत्याग्रह सापडणे शक्यच नाही. १९७५ ची सुधारित आवृत्ती सत्याग्रहानंतरची. पुस्तक छापले कधी हे बघायची सवय अशी लागते. मुलगी पुस्तकांची नावे व पानांचे आकडे वहीत उतरवून घेते आणि घंटा होते. एरवी याच प्रकल्पासाठी झेरॉक्सच्या दुकानात तयार चित्रांचा तक्ता मिळतो, आणि तो आणलेल्या मुलांचे गुण कमी होतातच असे नाही.

शिक्षकांच्या गरजा निराळ्या. जूनमध्ये त्यांना हवी असतात पाठ्यपुस्तके आणि शिक्षक हस्तपुस्तिका. ऑगस्टपासून वक्तृत्व स्पर्धांची भाषणे. दिवाळीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका. भाषेचे शिक्षक ‘कुमारभारती’तला उतारा मुळात कुठून घेतला ते पुस्तक मागतात, आणि ते कपाटात निघाले तर पुढच्या चार दिवसांत त्याच पुस्तकासाठी पाच-सहा मुले येतात. ग्रंथपालाने शिक्षकाला दिलेल्या पुस्तकाचा वाचक असा गुणाकाराने वाढतो. उलट बाजूही आहे. शिक्षकांना परतीच्या तारखेचे बंधन बहुधा नसते; शब्दकोश स्टाफरूमच्या कपाटात गेला की वार्षिक पडताळणीलाच बाहेर येतो. एखाद्या वर्गावर शिक्षक नसले की अख्खा वर्ग ग्रंथालयात बसवतात. याला शाळेत ‘ऑफ तास’ म्हणतात. गोंगाट होतो खरा, पण काही मुलांची पुस्तकांशी गाठ पडते ती याच तासाला.

बाजारात न मिळणारी एक गोष्ट काही ग्रंथालये स्वतः तयार करतात : कात्रणांची फाईल. ‘गावकरी’, ‘देशदूत’ आणि इतर दैनिकांतून कापलेल्या बातम्या विषयवार चिकटवलेल्या असतात. सिंहस्थ, लासलगावचे कांद्याचे भाव, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद), गोदावरीचे पूर. पुराची फाईल विशेष वाचनीय असते, कारण नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागला की कमरेला, यावर मोजतात. भूगोलाच्या सरांना पाठ्यपुस्तकात न मिळणारे उदाहरण इथे मिळते. कातरी, डिंक आणि रोजची दहा मिनिटे एवढाच याचा खर्च, पण ग्रंथपाल बदलला की फाईल तिथेच थांबते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतल्या शाळांचे चित्र वेगळे. मुले घरी कोकणा किंवा वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना काहीशी परकी असते. तिथे मोठ्या टाइपातली, चित्रांची पुस्तके आठवीतही लागतात आणि ती देताना ‘लहान मुलांचं आहे’ असे म्हणणे टाळावे लागते. पावसाचाही त्रास. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात जूनपासून भिंतींना ओल येते, पानांना बुरशी लागते, कसर आणि वाळवी पुठ्ठ्यापासून सुरुवात करते. उपाय जुनेच : कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, सुकवलेला कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, आणि उघडीप मिळताच पुस्तके उभी उघडून वाऱ्याला ठेवणे. पुस्तके पेट्यांतून वाचकांपर्यंत नेण्याची कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना नाशिकमधलीच.

नियतकालिकांत ‘किशोर’चे स्थान वेगळे. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. पाठ्यपुस्तकेही तशीच मिळतात. त्यामुळे पाठ्यपुस्तके वर्षभर वापरायला देणाऱ्या पुस्तक पेढीवरचा ताण थोडा हलका झाला, संपला नाही. एकच मोबाइल असलेल्या घरात तो वडील कामावर घेऊन जातात.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन होतो. दोन्ही दिवशी सभागृहात ग्रंथप्रदर्शन मांडतात, नवी पुस्तके टेबलावर येतात, फोटो निघतात. मुलांनी पुस्तके हाताळायची की लांबून बघायची, हे त्या त्या शाळेवर.

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाल्या की देवघेव बंद होते आणि पडताळणी लागते : एकजण दाखल क्रमांक वाचतो, दुसरा खूण करतो. सर्व पुस्तके आत, कपाटांना कुलूप, किल्ली कार्यालयात. म्हणजे मुलांकडे सर्वांत जास्त वेळ असतो त्या महिना-दीड महिन्यात एकही पुस्तक त्यांच्या हाती नसते. काही शाळांनी क्रम उलटा केला आहे. त्या पडताळणी मार्चमध्येच उरकतात आणि निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर प्रत्येकाला दोन-दोन पुस्तके देतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ती परत येतात. काहींचे कोपरे दुमडलेले असतात, काहींवर आमरसाचे डाग, आणि एखादे मामाच्या गावीच राहिलेले असते.