शिवीचं नाव झालं, नावाचा ट्रेडमार्क झाला: मागची गोष्ट

बडोद्यात आपल्या मराठी ग्रुपमधली क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मुलंमुली सध्या वैतागलीयेत, सोशल मीडियावर स्वतःबद्दल स्वतःचाच शब्द वापरून पोस्ट टाकली की ती उडते, कारण कंपनीच्या मशीनला ती शिवी वाटते. मग कोणीतरी म्हणतंच, शब्द ट्रेडमार्क करून टाकू ना. ही आयडिया आली कुठून ते आधी बघूया.

१९७६, सॅन फ्रान्सिस्कोची प्राईड परेड. वीस-पंचवीस बायका मोटारसायकली घेऊन सगळ्यात पुढे, कारण चालणाऱ्या माणसांच्या स्पीडने बाईक धड चालत नाही. त्यांच्यातल्याच एकीने म्हटलं ‘डाईक्स ऑन बाईक्स’, पेपरने ते छापलं आणि नाव पक्कं झालं. ‘डाईक’ म्हणजे लेस्बियन बायकांना रस्त्यात ऐकवायची शिवी, तीच ह्यांनी अभिमानाने मिरवली.

२००३ मध्ये त्यांनी ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, कारण बाहेरचं कोणी ते नाव कपड्यांच्या धंद्याला वापरू बघत होतं. अमेरिकेच्या ट्रेडमार्क ऑफिसने नकार दिला. तिथल्या १९४६ च्या कायद्यात कोणाची बदनामी करणारं नाव चालत नव्हतं, म्हणजे ज्यांना शिवी दिली जाते त्यांनाच ऑफिस सांगतंय की ह्याने तुमचा अपमान होतो! मग भाषातज्ज्ञ, अभ्यासक, कार्यकर्ते अशा कित्येकांची निवेदनं जोडली, समाज हा शब्द आज कसा वापरतो ते दाखवलं, आणि २००५ मध्ये ऑफिसने माघार घेतली. नंतर एका वकिलाने हे नाव पुरुषांचा अपमान करतं म्हणून अडवायचा प्रयत्न केला, तोही २००८ पर्यंत निकालात निघाला. मला ह्या सगळ्यात निवेदनांचा तो गठ्ठा सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे पोर्टलंडचा ‘द स्लँट्स’ हा एशियन-अमेरिकन बँड त्याच कलमावर अडकला (‘स्लँट’ ही तिरप्या डोळ्यांवरून एशियन लोकांना दिली जाणारी शिवी) आणि बँडचा प्रमुख सायमन टॅम थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९ जून २०१७ ला ८-० ने ते कलमच रद्द झालं. पण दार उघडलं ते सगळ्यांसाठी, वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमचं ‘रेडस्किन्स’ हे नाव मूळनिवासी लोकांना टोचत होतं, त्या टीमलाही ह्याच निकालाचा फायदा झाला. टीमने ते नाव सोडलं २०२० मध्ये.

त्याच २०१७ मध्ये यूट्यूबच्या रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ लपवणारं सेटिंग) एलजीबीटी व्हिडिओ गायब होत होते आणि ट्विटरवर ‘बायसेक्शुअल’ सर्च केलं तर फोटो दिसेनात, कंपनीने नंतर मान्य केलं की शब्दांची जुनी यादी आड आली. इथूनच ट्रेडमार्कचा विचार सेन्सॉरशिपकडे वळतो. पण ट्रेडमार्क धंद्यात दुसऱ्याला अडवतो, पोस्ट ठेवायला कंपनीला भाग पाडत नाही. त्याचा उपयोग पुरावा म्हणून, की सरकारी ऑफिसने कागद तपासून हे ह्या लोकांचं नाव आहे असं मान्य केलंय.

आपल्याकडे भारतात १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे आणि त्यातलं अश्लील किंवा निंदनीय मजकुराला मनाई करणारं कलम ९ अजून जागेवर आहे. गुजरातची रजिस्ट्री, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणारं ऑफिस, अहमदाबादला आहे, मध्य प्रदेशची मात्र मुंबईला, म्हणजे इंदूरवाल्यांचा अर्ज मुंबईकडे जाईल. नुसता ‘हिजडा’ हा शब्द कोणी स्वतःच्या नावावर करणं मला पटतच नाही, तो अख्ख्या समाजाचा आहे, आपल्या सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात तोच वापरलाय. एखाद्या ग्रुपचं किंवा कार्यक्रमाचं पूर्ण नाव मात्र घेता येईल, संघटना असेल तर कलेक्टिव्ह मार्कची, म्हणजे सगळ्या सभासदांसाठी एकत्र ट्रेडमार्कची सोय आहे.

आणि पोस्ट उडालीच तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, तिथे दाद मिळाली नाही तर २०२३ पासून सरकारची ग्रीव्हन्स अपीलेट कमिटी, म्हणजे तक्रारींवरच्या अपिलाची समिती आहे. दोन्हीकडे तसाच गठ्ठा लागेल, आपला शब्द आपण कुठे, कधीपासून, कसा वापरतोय त्याचे कागद, पत्रकं, मोर्च्याचे फोटो. ते मराठी-गुजराती दोन्हीत आत्तापासूनच जमवायला घ्यावेत.