ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि मागचं वजन: बाइकच्या हार्ड लगेजची पार्श्वभूमी

लांबच्या टूरसाठी हार्ड लगेज, म्हणजे बाइकला लावायच्या कडक पेट्या, घ्यायचं ठरलं की चर्चा हमखास एकाच जागी येऊन अडकते: ॲल्युमिनियम घ्यावं की प्लास्टिक? प्रश्न रास्त आहे. पण ही दोन्ही बॉक्स वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या रस्त्यांसाठी तयार झाली, आणि बनवणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळलं ते बाइकच्या मागे लटकणाऱ्या वजनाने. हे लक्षात घेऊन निवड केली तर बराच गोंधळ आपोआप मिटतो.

सुरुवातीच्या सॅडलबॅगा चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या होत्या, घोड्यावरून सरळ बाइकवर आलेल्या. पाऊस लागला की आतलं सगळं ओलं, आणि कुलूप लावायची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये केन क्रेव्हन यांनी टूरिंगसाठी फायबरग्लासची पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या) बनवायला घेतली. ते स्वतः पत्नीसोबत बाइकवर दूरदूर हिंडणारे, त्यामुळे प्रवासात नेमकं काय नडतं याची त्यांना जाण होती. फायबरग्लास छोट्या वर्कशॉपमध्येही साच्यात घालता येतं, गंजत नाही आणि फुटलं तर जागेवर जोडता येतं. टूरिंगच्या हार्ड लगेजची घडी खऱ्या अर्थाने इथून बसायला लागली.

1970 च्या दशकात जर्मनीत मायकेल क्राउझर यांच्या बॅगांनी वेगळं वळण घेतलं. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गांवर, दिवसभर वेगात जायचं आणि रात्री हॉटेलात उतरायचं, असा प्रवास करणाऱ्यांसाठी ती खरोखरच सूटकेस होती: कडक प्लास्टिकची, बाजूने उघडणारी, बाइकवरून काढून हातात धरून खोलीत नेता येणारी. 1978 च्या बीएमडब्ल्यू आर 100 आरटीबरोबर अशाच बॅगा आल्या. त्याच वर्षी इटलीत ग्रां प्री रेसर जुझेप्पे विझेन्झी यांनी गिव्ही या लगेज कंपनीची स्थापना केली. बॉक्स उघडायला आणि बाइकवरून सोडवायला एकच किल्ली ही त्यांची मोनोकी पद्धत पुढे जगभर पसरली. अमेरिकेत होंडाची गोल्ड विंग 1975 मध्ये आली तेव्हा तिच्यावर ना फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) होतं ना बॅगा. मालक बाहेरून घेऊन लावत. 1980 च्या इंटरस्टेट मॉडेलपासून होंडाने दोन्ही कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली.

बॅगा लावून वेगात जायला लागल्यावर खरी अडचण समोर आली. ठराविक वेगाच्या पुढे बाइकचं मागचं टोक डावी-उजवीकडे झुलू लागतं, सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा. याला वीव्ह म्हणतात. बाइकमध्ये ही प्रवृत्ती मुळातच असते आणि वेग वाढला की झुलणं आपोआप शमण्याची ताकद कमी होते. त्यात मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही मागे वजन ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि रुंद बॉक्सवर वारा आदळतो तो वेगळाच. टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागच्या रॅकवरची पेटी, उंचावर आणि सगळ्यात मागे असतो, म्हणून तो सगळ्यात जास्त त्रास देतो. आजही अनेक कंपन्या बॉक्सच्या आत स्टिकर लावतात: टॉप बॉक्समध्ये पाच-सात किलो, पॅनियरमध्ये प्रत्येकी दहा, आणि वेग ताशी 120-130 किमीपर्यंत. हे स्टिकर सोलून फेकणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आकड्यांमागे घाबरवणारे अनुभव आहेत. काही उत्पादकांनी यावर उलट्या दिशेने उपाय शोधला. ट्रायम्फने आपल्या मोठ्या टूरिंग बाइकवरची पॅनियर जाणूनबुजून थोडी हलती ठेवली, म्हणजे बॅगांचं हलणं चासीत उतरत नाही. बॉक्स हाताने हलवला आणि किंचित सैल लागला की ते सदोषच, असं समजू नये; आधी मॅन्युअल बघावं.

ॲल्युमिनियमची गोष्ट वाळवंटातली. पॅरिस-डाकार रॅली 1978 च्या डिसेंबरअखेर पहिल्यांदा सुटली, 1980 मध्ये कच्च्या वाटांवरही चालणारी बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस आली, आणि युरोपातले प्रवासी सहारात उतरू लागले. तिथे बाइक पडणं रोजचंच. सूटकेस पद्धतीच्या प्लास्टिकचे खटके तुटायचे, कडा तडकायच्या. मग लोकांनी झारगेससारख्या कंपन्यांच्या मोहिमांसाठीच्या ॲल्युमिनियम पेट्या रॅकला बोल्टने ठोकल्या. बर्न्ड टेश यांच्यासारख्या जर्मन भटक्यांनी खास बाइकसाठी पेट्या घडवल्या, आणि 1990 मध्ये सुरू झालेल्या टुराटेकने त्या घराघरांत पोचवल्या. पत्रा चेपला तर दगडावर ठेवून हातोडीने सरळ करता येतो, झाकण वरून उघडतं म्हणून सामान बाहेर ओतत नाही, आणि मुक्कामावर पेटी बसायला चालते.

त्याचं दुखणं मात्र दुकानात दिसत नाही. आतून कोटिंग नसलेल्या पेटीत कपडे नुसते टाकले की खडबडीत रस्त्याने पत्रा घासतो आणि करडी-काळी भुकटी सगळ्याला चिकटते. म्हणून पेटीच्या आत ठेवायची पिशवी ही चैनीची वस्तू मानू नये. पडल्यावर कड वाकली की झाकणाचं गॅस्केट नीट बसत नाही आणि पाणी शिरतं. शिवाय पत्रा वाकतो तसा धक्का पुढे रॅकमध्ये आणि सबफ्रेममध्येही (सीट आणि सामान पेलणाऱ्या मागच्या सांगाड्यातही) जातो. जर्मन कंपनी हेप्को अँड बेकरने गोबी हे दुहेरी भिंतीचं प्लास्टिक बॉक्स काढलं, ज्याच्या पोकळ भिंतीत काही लिटर पाणी साठवता येतं. वाळवंटासाठी प्लास्टिक नालायक, हा समज त्याने खोटा पाडला.

2004 मध्ये अभिनेते युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन बाइकवरून लंडनहून न्यूयॉर्कला निघाले, त्यांचा प्रवास टीव्हीवर दिसला आणि चौकोनी पेट्या लावलेली मोठी बाइक हेच ॲडव्हेंचरचं चित्र होऊन बसलं. अनेकांनी पक्क्या रस्त्यावरच्या प्रवासासाठीही त्याच पेट्या घेतल्या. मधल्या काळात कच्च्या वाटांवर जाणारे पुन्हा मऊ बॅगांकडे वळले. चिखलात पाय टेकताना मागून येणारी कडक पेटी पोटरीवर आदळते आणि पाय तिच्याखाली अडकू शकतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आता हिशेब करून बघू. मोठ्या टूरिंग बाइकची भार वाहायची मर्यादा साधारण 200 किलोच्या आसपास असते. राइडिंग गिअर घातलेली दोन माणसं सहज 170 किलो भरतात. रिकामी ॲल्युमिनियम पेटी पाच-सहा किलोंची, रॅक चार-पाच किलोंचा. दोन पेट्या धरून पंधरा किलो तिथेच गेले. सामानासाठी उरतात पंधरा. म्हणून मी आधी बाइकचं मॅन्युअल उघडते, त्यात एकूण भार आणि मागच्या सबफ्रेमची मर्यादा बघते, मग रॅक कुठल्या बोल्टांवर बसतो ते तपासते, आणि बॉक्स कशाचा घ्यायचा ते त्यानंतर ठरवते.