घरगुती डिस्क प्लेअर (इंटरनेट व्हिडिओसह)

सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे तबकडी वाचणारे आणि घरच्या इंटरनेटवरून नेटफ्लिक्स, यूट्यूब यांसारख्या सेवाही टीव्हीवर दाखवणारे यंत्र. दुकानात ‘स्मार्ट ब्लू-रे प्लेअर’ म्हणून मागितले जाते. यातल्या दोन्ही सोयींचे आयुष्य सारखे नसते. तबकडी वाचणारा भाग नीट वापरला तर वर्षानुवर्षे चालतो. अ‍ॅप्स मात्र सेवा देणाऱ्याच्या मर्जीवर असतात. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ किंवा त्याआधीच्या अनेक प्लेअरांवरचे यूट्यूब गेले. यंत्रे धडधाकट होती. म्हणून निवडताना तबकडीची बाजू आधी पाहावी आणि इंटरनेट हा जोडधंदा समजावा.

सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो. तरंग जितका आखूड, तितक्या बारीक खुणा वाचता येतात. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, तर ब्लू-रेच्या थरात २५ जीबी. २०१६ पासून विकल्या जाणाऱ्या ४के, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या चौपट बारकाव्याच्या, ब्लू-रेवर १०० जीबीपर्यंत जागा असते. साध्या ब्लू-रेवर चित्राचा ओघ सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जातो, ४के तबकडीवर शंभराच्या पुढे. नेटफ्लिक्स मात्र ४केसाठी १५ मेगाबिटची लाइन पुरेशी मानते. हा फरक उजेडातल्या प्रसंगात फारसा दिसत नाही. धुके, धूर, रात्रीचे आकाश आले की स्ट्रीमिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या, चित्रात पट्टे पडतात.

पुण्यात हा प्लेअर पुष्कळदा अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेतून येतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. तबकड्या विकण्यासाठी जगाचे विभाग पाडले आहेत. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग ‘सी’मध्ये मोडतो; अमेरिका अनुक्रमे १ आणि ‘ए’मध्ये. तिकडच्या प्लेअरवर इकडची विभागबद्ध तबकडी लागत नाही. शिवाय इथल्या अनेक डीव्हीडी पाल या इथल्या टीव्हीच्या चित्रपद्धतीच्या असतात आणि तिकडचे बरेच प्लेअर फक्त तिकडची एनटीएससी पद्धत ओळखतात. ४के तबकड्यांना विभागाचे बंधन नाही, पण त्याच डबीतली साधी ब्लू-रे विभागबद्ध असू शकते. आणखी एक गोष्ट मागच्या पट्टीवर वाचावी: ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर नुसता पिनबदल पुरतो, ‘१२० व्होल्ट’ एवढेच असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावताच पॉवर सप्लाय जळतो.

मराठी घरातला दुसरा प्रश्न व्हीसीडीचा, म्हणजे सीडीवरच चित्रपट साठवलेल्या जुन्या तबकडीचा. नाटके आणि जुने मराठी चित्रपट घरोघरी व्हीसीडीवरच साठले आहेत आणि नवे बरेच ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत. ‘सीडी चालते’ म्हणजे व्हीसीडी चालते असे नव्हे. उलट प्लेस्टेशन ५ या खेळयंत्राची डिस्कवाली आवृत्ती ४के ब्लू-रे दाखवते, पण तिला गाण्यांची सीडीसुद्धा वाचता येत नाही. भीमसेन जोशींच्या सीडी जपलेल्या घरात ती डिस्क प्लेअरची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा कुठल्याही दुकानात जाताना पिशवीत आपल्याच तबकड्या न्याव्यात: एक व्हीसीडी, लग्नाची घरी बर्न केलेली डीव्हीडी, एक ऑडिओ सीडी आणि दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची चित्रपटाची डीव्हीडी. शेवटची सुरुवातीपासून पाहत बसू नये. थेट मध्यावर जावे. तिथे लेसर एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. क्षणभर थबकणे ठीक, पण चित्र गोठले किंवा चौकोन उमटले तर लेसर थकलेला आहे. जुना प्लेअर घेताना ही परीक्षा टाळू नये. आता जुन्याकडे वळावे लागतेच, कारण ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअरचे उत्पादन थांबवले आणि इतरही काही मोठे उत्पादक त्यातून बाहेर पडले आहेत.

खोक्यावरचे ‘वाय-फाय रेडी’ हे शब्द फसवे आहेत. त्याचा अर्थ वाय-फाय आत नाही, वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागेल, तोही बहुधा त्याच कंपनीचा. ‘बिल्ट-इन वाय-फाय’ असेच लिहिलेले हवे. पेठांतल्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर मरतो, २.४ चा थोडा लांब पोचतो, आणि लॅनची वायर सगळ्यांत खात्रीची. प्लेअरचे लॅन सॉकेट सहसा १०० मेगाबिटचे असते. स्ट्रीमिंगला ते भरपूर झाले. मराठीसाठीची झी५ किंवा प्लॅनेट मराठी ही अ‍ॅप्स प्लेअरच्या यादीत असतील अशी आशा धरू नये. टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटात स्ट्रीमिंग स्टिक लावणे सोपे.

टीव्ही जुना, फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा असेल तर ब्लू-रे घेण्यात अर्थ नाही. २०१३ नंतर बनलेले प्लेअर ब्लू-रेचे चित्र केवळ एचडीएमआयमधूनच बाहेर देतात. ४के प्लेअर आणि टीव्ही यांच्यामध्ये जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि त्याला एचडीसीपी २.२ हे नक्कलविरोधी कुलूप कळत नसेल, तर चित्र १०८०पी, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या दर्जावर, उतरते किंवा पडदा काळा राहतो. अशांसाठी दोन एचडीएमआय आउट असलेला प्लेअर घ्यावा: एक टीव्हीला, एक आवाजाला.

नवी ब्लू-रे लागत नसेल तर आधी फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतले सॉफ्टवेअर, अपडेट करावे, कारण तबकड्यांच्या सुरक्षा-किल्ल्या बदलत असतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलची फाइल उतरवून, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकून लावता येते. अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा गुरुवार त्यासाठी टाळलेला बरा. अ‍ॅप ‘जोडणी होत नाही’ म्हणत असेल आणि इंटरनेट ठीक असेल, तर प्लेअरची तारीख-वेळ पाहावी. घड्याळ चुकले की सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

पावसाळ्यात लेन्सवर दमट धूळ बसते; ‘नो डिस्क’ असा संदेश आला की ब्रशवाली क्लीनिंग डिस्क एकदा फिरवावी. तबकडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे न्यावे, गोल फिरवू नये. आडवा ओरखडा यंत्र हिशेबाने भरून काढते; खुणांच्या रेषेतच लांबवर गेलेला ओरखडा त्याला झेपत नाही. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून अवघी ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६. सीडीची मात्र जवळजवळ छापील बाजूलाच चिकटलेली असते, म्हणून तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिले की तेवढा भाग गेला.