यीस्टपासून स्टीव्हियाचा गोडवा : परवानगी कुठून सुरू करायची, कागद कोणते लागतात

स्टीव्हिया हे गोड पानांचे झाड, त्याचा गोडवा साखरेऐवजी वापरतात. त्याच्या पानात रेब-एम हा गोड घटक चवीला सर्वांत सरस, पण असतो अगदी नावापुरता. म्हणून त्या झाडाची जनुके यीस्टमध्ये बसवतात आणि यीस्टला ग्लुकोज देऊन हा गोडवा टाकीत तयार करतात. ग्लुकोज तांदळाच्या कणीपासूनही निघते आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये कणीला तोटा नाही. विदर्भातल्या बायोटेकच्या मुलामुलींनी हा उद्योग जरूर मनावर घ्यावा. फक्त सुरुवात फूड लायसन्सपासून करू नका.

आधी जैवसुरक्षा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवावर काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावीच लागते. तिच्यात वैद्यकीय तज्ज्ञ हवा, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधीही हवा. एकट्यादुकट्याला हे जमणारे नाही. त्यामुळे अशी समिती असलेले विद्यापीठ किंवा इनक्युबेटर (नव्या उद्योगांना जागा आणि प्रयोगशाळा देणारे केंद्र) गाठा आणि त्यांच्यामार्फत अर्ज करा. शेतातल्या गोडाउनमध्ये 'आधी करून तर पाहू' म्हणून टाकी लावणे बेकायदा आहे.

अर्जात यीस्टचा वाण, जनुके कुठून घेतली, ती कशी बसवली, आत प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक उरले आहे का, हे लिहावे लागते. सर्वांत जास्त मेहनत घ्या ती विल्हेवाटीच्या पानावर. टाकीतून निघालेला चोथा आणि धुण्याचे पाणी जिवंत यीस्टसकट नाल्यात जाता कामा नये. आधी उष्णता देऊन यीस्ट मारायचे, मग सोडायचे. तापमान किती, किती वेळ, नोंद कोण ठेवणार, सगळे लिहा. शेजारीच कुणाची तरी विहीर असते. वीस लिटरच्या वरची टाकी मोठ्या प्रमाणातले काम धरली जाते, तिथे दिल्लीच्या समितीची, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसीची, परवानगी लागते. अशा कामावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कारखान्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी.

त्यानंतर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचे अन्न सुरक्षा प्राधिकरण. स्टीव्हियाच्या गोडव्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, म्हणून यीस्टचाही आपोआप चालेल असे धरून चालू नका. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम २२ जनुक बदललेल्या अन्नाला लागू आहे. उत्पादनाची पद्धत, शुद्धतेचे अहवाल, सुरक्षिततेच्या चाचण्या, इतर देशांतल्या मान्यतेच्या प्रती आणि लेबलचा मसुदा हे सगळे तयार ठेवूनच पुढे जा.

कणी पुरवणाऱ्या मिलवाल्याला किंवा बचत गटाला यातली जैवसुरक्षेची एकही परवानगी लागत नाही. त्यांचे नेहमीचे परवाने पुरतात.