आधी सक्तीचा आराम, मग लगेच हालचाल: खेळातल्या दुखापतींच्या रिहॅबचा प्रवास

खेळाडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की आजकाल दुसऱ्याच दिवशी फिजिओ येतो आणि पाय हलवायला लावतो, आणि घरचे घाबरतात की अहो आत्ता तर टाके घातलेत, जरा आराम करू द्या ना. ही भीती काही अडाणीपणाची नाहीये, शंभर-दीडशे वर्षं खुद्द डॉक्टरच तसं सांगत आलेत.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचे मोठे हाडांचे डॉक्टर होते. त्यांचं ठाम मत होतं की दुखऱ्या सांध्याला आराम द्यायचा तो सक्तीचा, अखंड आणि भरपूर दिवस. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, क्षयाने सांधे सडायचे, त्यामुळे त्या पेशंटच्या बाबतीत त्यात तथ्यही होतं. त्यांच्या नावाचा स्प्लिंट, म्हणजे पाय हलू नये म्हणून बांधायचा आधार, पुढे पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी सैनिकांचा जीव वाचवून गेला. पण तोच नियम मुरगळलेल्या पायालाही लागला, फाटलेल्या लिगामेंटलाही (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यालाही) लागला, आणि इथेच खेळाडूंचं नुकसान झालं असं मला वाटतं. विरोधी आवाज होते, नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिए हे सर्जन फ्रॅक्चरमध्येसुद्धा लवकर हालचाल आणि मसाज करा म्हणत होते. स्वीडनमध्ये तर पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्येच स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली होती, आणि १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार नर्सेसनी मसाज करणाऱ्यांची सोसायटी उभी केली, तीच पुढे तिथल्या फिजिओंची मुख्य संघटना झाली.

खरा धक्का दिला तो दुसऱ्या महायुद्धाने. हॉस्पिटलं जखमी सैनिकांनी भरलेली, ऑपरेशन झालेले गुडघे महिनोन्महिने बरे होईनात, खाटा रिकाम्या होईनात. शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये थॉमस डिलोर्म नावाचा तरुण डॉक्टर होता, लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हरने आजारी पडल्यावर वजनं उचलून त्याने स्वतःची तब्येत सुधारली होती, तर त्याने या सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधले, त्यात वजनं अडकवली आणि गुडघा सरळ करायला लावला, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्याने हे छापलं. सुरुवातीला सेट बरेच होते, नंतर तीनवर आणले, प्रत्येकी १० रेप्स (म्हणजे १० वेळा उचलणं). जेमतेम १० वेळा उचलता येईल ते वजन पूर्ण धरायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज जिममध्ये सगळे ज्या तीन सेटचा जप करतात तो इथून चालत आलाय, आणि तो मुळात जखमी गुडघ्यांसाठी होता हे फार कमी जणांना माहीत असतं.

तरीही एसीएलच्या (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटच्या) ऑपरेशननंतर प्लास्टर घालून पाय आखडून ठेवणं पुढची कित्येक वर्षं चालूच राहिलं. मग अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे सर्जन डोनाल्ड शेल्बोर्न यांच्या लक्षात आलं की जे पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत, परवानगीच्या आधीच पायावर भार देतात, ते उलट लवकर बरे होतायत आणि त्यांचा गुडघा सैलही पडत नाहीये. पेशंट ऐकत नाही म्हणून चिडण्याऐवजी त्यांनी त्यातून शिकायचं ठरवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. १९९० मध्ये पॉल निट्झ यांच्यासोबत त्यांनी लवकर रिहॅबची पद्धत मांडली आणि ऑपरेशननंतर गुडघा लगेच पूर्ण सरळ करायला लावणं हळूहळू सगळीकडे रूढ झालं.

टाचेमागच्या एकिलीस टेंडनचंही (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागाचंही) तसंच. १९९८ मध्ये स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी जुनाट दुखणं असलेल्या १५ हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली, १५ वेळा, तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखलं तरी, अगदी असह्य होत नाही तोवर, थांबायचं नाही, आणि दुखायचं कमी झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. १२ आठवड्यांनी सगळे १५ जण परत धावायला लागले. अभ्यास छोटा होता, पण दुखतंय म्हणजे हात लावू नका या समजुतीला त्याने चांगलाच हादरा दिला.

बर्फाचं म्हणाल तर आराम, बर्फ, बँडेज, पाय उंच हे दुखापतीवरच्या उपचाराचं सूत्र अमेरिकेचे डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केलं, आणि नंतर त्यांनी स्वतःच जाहीर सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो.

पण म्हणून घाई करून मैदानात उतरायचं असंही नाही हां. एसीएलच्या खेळाडूंवरचा २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत व्हायचा दर साधारण निम्म्याने कमी झाला. म्हणून आता चांगले फिजिओ नऊ महिने तर थांबवतातच, शिवाय दुसऱ्या पायाच्या तुलनेत मांडीची ताकद किती आली आणि एका पायावर उडी किती लांब जाते हे मोजल्याशिवाय खेळायला सोडत नाहीत.